पाणथळीचा खर्च कोणी सोसावा?

गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यामागे गाळ साचला, बेटे झाली, मग पक्षी आले. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. २०२० मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. त्याच नदीवरील पैठणचा नाथसागरही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याला निसर्गाची देणगी म्हणणे ही शहरी रसिकता झाली. तो सरकारी पैशाने, शेतकऱ्यांच्या जमिनी बुडवून उभा राहिला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याच काठावर गाळपेर होते आणि पाणपक्षीही तेथेच चरतात. अशा वेळी धरणग्रस्ताला व कोळ्याला घुसखोर ठरविणे सोपे असते. गाळपेरीचा व मासेमारीचा पहिला हक्क त्यांचाच. पक्ष्यांसाठी काही काठ मोकळा ठेवावयाचा, तर त्याची भरपाई लाभक्षेत्राने पाणीपट्टीतून द्यावी. डाव्या कालव्यावरील परभणीच्या बागायतदारानेसुद्धा.