वेदना, औषध आणि विवेक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते म्हणत, शब्द तोलून वापरावा. मी मराठीचा अध्यापक, वैद्य नव्हे. पण शब्द न तोलल्याची किंमत माझ्या शरीराने मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी, इथे सुरतेतच, एका रात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. ‘वात आहे’ असे ठरवून शेजाऱ्यांकडची वेदनाशामक गोळी मी आठवडाभर घेतली. ठणका थांबला, पण पुढे तपासणीत मूत्रपिंडाला इजा झाल्याचे आढळले. डॉक्टरांनी विचारले, ‘‘रक्तदाब, अल्सर, मूत्रपिंड यांची चौकशी न करता ही गोळी दिली कोणी?’’ मी निरुत्तर झालो.

‘वात’ या एका शब्दात आपण सगळी सांधेदुखी कोंबतो. चरकसंहितेने मात्र वातशोणिताला चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिला. आजचा ‘गाऊट’ त्याच्या जवळचा. त्यात युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात. दोष केवळ ‘सुरतनुं जमण’ याला देऊ नये. बहुतेकांत मूत्रपिंड ते आम्ल पुरेसे बाहेर टाकत नाही, हे मुख्य कारण असते.

त्यावरचे कोल्चिसीन आपल्या कळलावीतही असते. कळलावी विषारी आहे, हे खेड्यातली आजीही जाणते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तासाभरात दिलेल्या १.८ मिलिग्रॅमने सहा तासांत दिलेल्या ४.८ मिलिग्रॅमइतकाच आराम पडला, जुलाब मात्र फार कमी झाले. तेव्हा अधिक मात्रा म्हणजे अधिक गुण नव्हे. मूत्रपिंड दुर्बळ असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल, तर हेच औषध जिवावर बेतू शकते. स्टेरॉइडने मधुमेह्यांची साखर चढते. ॲलोप्युरिनॉल हे ठणक्यावरचे औषध नव्हे. पण ते आधीपासून चालू असेल, तर झटका आला म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

गिधाडांची कथा आठवा. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि अंतर्गत अवयवांवर युरिक आम्ल साचून ती मेली. हे २००४ साली उघड झाले. २००६ साली भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केले. माणसाचा ठणका शमवणारे औषध पक्ष्यांना काळ ठरले.

म्हणून एवढीच विनंती : झटका आला की पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्या आणि दुसऱ्याची गोळी घेऊ नका. गुरुजी शब्दांबद्दल जे सांगत, ते मात्रेलाही लागू आहे.