यंत्र सांगेल, पण ठरवायचं कुणी?

बीदरकरांना हॉक विमानांची घरघर चांगलीच ओळखीची. 2008 पासून इथल्या हवाई तळावर या विमानांवर लढाऊ वैमानिक घडतात. उद्या संगणकच लढणार, तर हा खटाटोप कशाला?

कृत्रिम बुद्धिमत्ता युद्धात मुख्यतः निवडणटिपण करते: ड्रोनच्या हजारो छायाचित्रांतून रणगाडा हुडकायचा, रडारची माहिती जुळवायची. वेग अफाट, पण फसगतही त्याच वेगानं!

26 सप्टेंबर 1983. सोव्हिएत इशारा यंत्रणेनं अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात ढगांवर चमकलेलं ऊन होतं ते. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव यांना शंका आली, त्यांनी इशारा खोटा ठरवला. आजची यंत्रं कितीतरी हुशार आहेत, तरी अस्त्र सोडायचा हुकूम त्यांच्यावर सोपवणं धोक्याचंच.