रीण, पंगत आणि हिंमत

(धामणगाव रेल्वे येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर पहिला विषय कापसाच्या भावाचा आहे, दुसरा विजेचा. तिसरा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'चांगले जगावे कसे?' मघाशी बाहेर चहाच्या टपरीवर एक जण म्हणालाही, "आता हे कीर्तन करायला लागले काय?"

त्याचे चुकले नाही. शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांचा या देशात कधीच दुष्काळ पडला नाही. काटकसर करा, लग्नात उधळू नका, जोडधंदा करा. उपदेश करणारा गाडीतून उतरतो, बोलतो, चहा घेतो आणि जातो. पऱ्हाटीला लागलेला खर्च का निघत नाही, हे त्याच्या भाषणात नसते. म्हणून असल्या उपदेशाला आम्ही वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो. शहाणपण तुमच्याजवळ ठेवा, आमच्या घामाचे दाम तेवढे द्या.

ते उत्तर आम्ही आजही मागे घेत नाही. पण उपदेश करणाऱ्यांत एक माणूस असा होऊन गेला की त्याला हे उत्तर देता येत नाही. तो आपल्याच वावरातून उठून गेला होता.

गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आठवतो. ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव, अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ पासून त्यांचे नाव. खराटा सरकारला सोयीचा आहे. गाव तुम्ही झाडा म्हणायचे, भावाचे विचारू नका म्हणायचे. पण खराटा हातात यायच्या आधी या माणसाच्या हातात वखराचे रुमणे होते, हे कोणी सांगत नाही. ते आज सांगू.

अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला झिंगराजी आणि सखुबाईच्या पोटी डेबूजीचा जन्म झाला. बाप दारूपायी गेला, पोर लहान असतानाच. आई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथे मामाच्या घरी डेबू वाढला. गुरे राखली, गोठा झाडला, मोठा झाल्यावर वखर धरला, तिफण धरली. मामाच्या शेतीत तो सालदारासारखा राबला आणि शेती पिकवून दाखवली.

आणि तरी जमीन गेली! चरित्रकार लिहितात ते असे, की मामांनी सावकारावर भरवसा ठेवला. पैसे देत गेले, कागद काही पाहिला नाही. पाहून तरी काय, वाचता येत होते कुठे? एक दिवस कळले की जमीन आता सावकाराची. मामांनी धसका घेतला आणि त्यातच ते गेले.

हे ऐकताना तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे वाटते काय? आम्हाला तर गेल्या साली ऐकल्यासारखे वाटते.

पुढचे मात्र नीट ऐका. सावकाराची माणसे वावरात वखर घालायला आली, तेव्हा डेबूजी घरात तोंड लपवून बसला नाही. तो वावरात जाऊन उभा राहिला. जमीन आमच्या घामाची आहे, इथून हलणार नाही, असा त्याचा पवित्रा होता. सावकाराच्या माणसांना परतावे लागले, असे चरित्रांत आहे. शिकलेला नव्हता, परीट समाजातला, पाठीशी ना पाटील ना पुढारी. आम्ही तर म्हणतो, वऱ्हाडातल्या शेतकरी आंदोलनाचा तो एक आरंभ होता, बिल्ल्याशिवाय आणि झेंड्याशिवाय.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले. मग चिंध्यांचे कपडे, डोक्यावर गाडगे. भाकर मागायची तीही त्या गावात काही काम करून. गाव आधी झाडायचे आणि रात्री कीर्तन. पायावर डोके ठेवायला कोणी आला तर काठी उगारत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले, ते मिळाले तर वाचा. बाबा उपदेश करत नसत, समोरच्या माणसाला विचारत. कोणाचे देणे आहे? किती आहे? कशापायी काढले? देवाला बोकड कापला तो कोणाच्या पैशाचा? माणूस उत्तर देता देता आपलेच खाते वाचू लागे. रीण काढून सण करू नका, तीर्थाला जाऊ नका, लग्नात लोकांना जेवू घालू नका. भांडे विका पण पोराला शाळेत घाला. त्यांची ही सांगणी आता भिंतीवर रंगवलेली दिसतात. भिंतीवर ती सुविचार होतात. बाबांच्या तोंडी तो दापुऱ्याच्या वावराचा हिशेब होता. पोराला शिकवा, कारण मामाला कागद वाचता आला नव्हता.

आता आमचे बाबांशी थोडे भांडण. थोर माणसाशी भांडायला हरकत नसावी.

'रीण काढू नका' हे सांगणे कोरडवाहू कास्तकाराला पुरे पडत नाही. मृगात बी लागते, खत लागते, निंदणाला मजुरी लागते. पैसा येणार दसरा-दिवाळीनंतर, वेचणी झाल्यावर. पाण्याने दगा दिला तर दुबार पेरणी. म्हणजे आपली शेतीच उधारीवर उभी आहे. कृषी केंद्रवाला उधार देतो ते चढ्या भावाने. मग देणेकरी दारात उभे, म्हणून सगळ्यांचा कापूस एकाच महिन्यात बाजारात, आणि हर्राशीत भाव पडलेला. चुकारा हाती येतो तो आधीच वाटला गेलेला असतो. पूर्वी निदान ज्वारी घरात असे. माणसाला भाकर, ढोरांना कडबा, त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे. ज्वारीला भाव राहिला नाही, रानडुकरांनी आणि पाखरांनी उरलीसुरली संपवली. तिच्या जागी सोयाबीन आले आणि भाकरीचे दाणेही विकतचे झाले. हे रीण उधळपट्टीचे नाही. त्याची लाज धरायचे कारण नाही. लाज धरायची असेल तर भाव पाडणाऱ्याने धरावी.

पण दुसरेही एक रीण आहे, आणि त्याबाबत बाबा बरोबर आहेत आणि आम्ही चुकलो. ते कसे, ते सांगतो.

दोन वर्षांमागे आमच्याच भागात एका कास्तकाराने जीव दिला. तेराव्या दिवशी घरच्यांनी तेरवी केली. वरण, पोळी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. गाव जेवले. पहिल्या पंगतीला आम्ही बसलो, छातीला बिल्ले लावून. जेवण झाल्यावर तिथेच शोकसभा झाली आणि आम्ही कर्जबाजारीपणावर जोरदार बोललो. पुढे महिन्याभराने कागदपत्रांसाठी त्या घरी गेलो तेव्हा कळले, की तेरवीचा पैसा त्या बाईने महिना शेकडा पाचने आणला होता.

आम्ही म्हणालो, "बाई, कशाला केले?"

ती म्हणाली, "भाऊ, लोक काय म्हणाले असते?"

लोक म्हणजे कोण? पहिल्या पंगतीला तर आम्हीच होतो.

त्या दिवसापासून आमच्या कार्यकर्त्यांनी तेरवीचे जेवण सोडले. घरी जातो, पाणी पितो, बसतो. शोकसभा घेण्याआधी कागद पाहतो. सातबारा कोणाच्या नावे, बँकेचे देणे किती, सावकाराचे किती, त्याच्याकडे परवाना आहे काय. सरकारी मदतीला माणूस पात्र की अपात्र हे कागदावर ठरते आणि त्यावर पुष्कळ घरे अडतात. अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. डेबूजीला असा कायदा मिळाला नव्हता.

लग्नाच्या बस्त्याचे मात्र अजून आमच्याच्याने होत नाही, हेही कबूल करून टाकू. मुलीच्या बापाला 'साधे लग्न कर' म्हणणे सोपे असते. सोयरीक मोडली तर आपण थोडेच वर शोधून देणार? मुलाच्या बापाने आधी तोंड उघडले पाहिजे. या मांडवात मुलांचे बाप पुष्कळ बसले आहेत. त्यांच्यापैकी कोण बोलतो ते आज पाहू.

बाबांच्या नावाने दहा कामांची एक यादी सांगितली जाते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, अशी. त्या यादीत दुःखी आणि निराश झालेल्यांना हिंमत देणे हेही एक काम आहे, अन्नपाण्याच्या बरोबरीने. आपल्याकडे ते कामच धरत नाहीत. शेजारचा माणूस चार दिवस पारावर आला नाही, उधारीमुळे कृषी केंद्राची वाट टाळून आडवाटेने जातो, बायकोशी बोलत नाही, हे आपल्याला दिसते. दिसूनही आपण विचारत नाही. त्याला वाईट वाटेल म्हणतो. खरे तर आपलीही वही तशीच आहे, ती उघडावी लागेल ही भीती.

म्हणून आज एक ठरवू. प्रत्येकाने आपल्या घरचे देणे आधी बायकोला सांगायचे, सगळे, उसनवारीसकट. तिला माहीत नाही असे समजू नका. तिला अर्धे माहीत असते आणि उरलेल्या अर्ध्याचीच ती रात्रभर काळजी करते. नंतर गावातल्या दोन विश्वासू माणसांपुढे वही उघडायची. वावराचे देणे एका बाजूला लिहायचे, पंगतीचे दुसऱ्या बाजूला. पहिल्या देण्यासाठी सरकारशी कसे भांडायचे ते आंदोलन पाहील, ती जबाबदारी आमची. दुसऱ्यासाठी आपल्याच भावकीशी भांडावे लागेल, आणि ते भांडण मोर्च्याहून अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले, इथून फार लांब नाही, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासात असताना.

पुढची बैठक उलंगवाडी झाल्यावर घेऊ. येताना वही आणा, आणि घरातल्या बाईला सोबत आणा. जेवणाची सोय नाही. भाकर बांधून आणा.