आढीतला आंबा आणि झाडाचे संकेत

(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या नावाने हा घाट ओळखला जातो, ते अमृतराव पेशवे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी काशीत येऊन राहिले आणि येथे त्यांनी अन्नछत्र चालविले. अशा ठिकाणी फळांविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

काशीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली फसगत आंब्याच्या बाबतीत होते. हापूसने आपल्या डोळ्यांना केशरी रंगाची सवय लावलेली. येथला लंगडा मात्र पिकला तरी बहुधा हिरवाच राहतो. मग बाजारातील पिवळेधमक फळ आपण विश्वासाने घरी आणतो, आणि कापल्यावर ते आंबट निघते. रंग म्हणजे पक्वता नव्हे, हा पहिला धडा.

मग फळ पिकते कशाने? वनस्पतींच्या देहात अत्यल्प प्रमाणात निर्माण होणाऱ्या आणि मोठे कार्य घडविणाऱ्या द्रव्यांना आपण संप्रेरके म्हणतो. त्यांतील इथिलीन हा चक्क वायू आहे. १९०१ साली रशियातील नेल्युबोव यांनी दिव्याच्या गॅसातील इथिलीनमुळे वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडते, हे दाखविले. १९३४ साली इंग्लंडमधील रिचर्ड गेन यांनी पिकणारे सफरचंद स्वतःच हा वायू सोडते, हे सिद्ध केले. आंब्यात थोडे इथिलीन निर्माण झाले की ते आणखी इथिलीन निर्माण करविते. पिष्टाची साखर होते, आम्लता घटते, गर मऊ पडतो आणि सुगंध दरवळतो. आपल्या आजी आढीत गवत पसरून आंबे झाकीत, तेव्हा ऊब आणि हा वायू दोन्ही कोंडून ठेवीत. शास्त्राचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. शास्त्र ठाऊक होते.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. करप्याच्या बुरशीचे बीजाणू पावसाळी हवेत कोवळ्या फळावरच बसतात आणि सालीत निपचित पडून राहतात. कच्च्या आंब्याच्या सालीतील काही बुरशीरोधक द्रव्ये त्यांना थोपवून धरतात. फळ पिकू लागले की ही द्रव्ये ओसरतात, पेशींच्या भिंती सैल होतात, आणि काळे डाग उमटतात. १९९४ साली फ्लायशमन आणि कोलत्तुकुडी यांनी तर असे दाखविले की, या वर्गातील काही बुरशी फळाचे इथिलीन हाच आपला इशारा मानून आक्रमणास सिद्ध होतात. घरच्यांना दिलेली हाक दाराबाहेरचा चोरही ऐकतो, तसाच हा प्रकार.

झाड मात्र निःशस्त्र नसते. १९७९ साली व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांना ॲस्पिरिन दिले असता विषाणूविरुद्ध त्यांची प्रतिकारशक्ती वाढल्याचे आढळले. ॲस्पिरिनशी नाते सांगणारे सॅलिसिलिक आम्ल झाडाच्या अंगी मुळातच असते. जिवंत पेशींवर पोसणाऱ्या रोगांविरुद्ध ते प्रामुख्याने उपयोगी पडते. पेशी मारून खाणाऱ्या रोगांविरुद्ध बहुधा जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन पुढे सरसावतात. म्हणजे एकच इथिलीन फळात द्वार उघडते आणि पानात पहारा करते. प्रसंग पाहूनच त्याचा गुण-दोष ठरवावा लागतो.

आता व्यवहाराची गोष्ट. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची दुबळी नक्कल करतो. साल रंगते, गर मागे राहतो. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसची अपायकारक संयुगे मिसळलेली असू शकतात. म्हणून २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याने फळे पिकविण्यास बंदी घातली आहे. नियंत्रित इथिलीन वायूस मात्र, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, अनुमती आहे.

आमची विनंती एवढीच : पूर्ण जून झालेली, डाग वा चीर नसलेली फळे घ्यावीत, ती घरी आढीत पिकवावीत, आणि रोज पाहून नासके फळ तत्काळ बाजूला काढावे. लंगड्याची परीक्षा रंगाने न करता वासाने व बोटांनी करावी. हापूसला २०१८ साली आणि बनारसी लंगड्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मुलांनी दोन्ही ओळखावेत. एक आपल्या पूर्वजांच्या भूमीचा, दुसरा आपल्याला सामावून घेणाऱ्या भूमीचा.