अभ्यासाचे तास आणि माणसांचे तास



होमिओपॅथीच्या दवाखान्यात रोग्याला एक प्रश्न हमखास विचारतात : बरे वाटत नसताना तुम्हाला जवळ माणसे हवीशी वाटतात, की एकटे राहावेसे वाटते? बेळगावात पस्तीस वर्षे मी हा प्रश्न विचारतो आहे. हल्ली सुट्टीत घरी आलेली विशीतली मुले त्याचे उत्तर चटकन देतात, "माणसांसाठी वेळच नसतो, डॉक्टरकाका." पवई असो, सुरतकल असो की मणिपाल, पित्त, डोकेदुखी आणि झोपेची तक्रार सारखीच. म्हणून आजचा विषय.

आधी हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली की ५६ गेले. वर्ग आणि प्रात्यक्षिकांना ३६, स्वतःच्या अभ्यासाला २८, जेवण-आंघोळ-कपड्यांना २१. बेरीज १४१. हाती २७ उरले. परीक्षेच्या आठवड्यात यातले पंधरा काढून घ्या, तरी बारा राहतात. मग ते जातात कुठे? मोबाईलवर, दहा-दहा मिनिटांनी. नोट एकदा मोडली की ती कशात संपली हे कळत नाही, तसेच हे.

दुसरी गळती जागरणाची. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले पाठांतराचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या दिवसातच बरेचसे विसरते, आणि तीच उजळणी अनेक दिवसांवर वाटली तर कमी कष्टात टिकते, असे त्याला आढळले. शिवाय वाचलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, हे आता सर्वमान्य आहे. रोज थोडे वाचणाऱ्याला संध्याकाळचा एक तास मोकळा ठेवणे परवडते. शेवटच्या रात्री सगळे वाचणाऱ्याला काहीच परवडत नाही.

"मित्र वाढले की अभ्यास बुडाला," असे आपल्या घरांत म्हणतात. कुंभोजच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि मिळून कामे करत. त्या मुलांना शिकायला वेळ कमीच होता, पण सहवास हा शिक्षणाचाच भाग धरला होता. आज वसतिगृहात स्वतंत्र खोली मिळते आणि जेवणही दारापर्यंत येते. सोय झाली, सोबत गेली.

विद्यार्थ्यांना मी तीनच गोष्टी सांगतो. दिवसातले एक जेवण फोन बाजूला ठेवून कुणाबरोबर तरी जेवा. नाटक, खेळ, गाणे यांपैकी एकच काहीतरी धरा. पाच मंडळांत नाव घालू नका. आणि अवघड धडा मित्राला समजावून सांगा. सांगताना अडलो, की आपल्याला काय आलेले नाही ते तिथेच कळते. मराठीच मित्र शोधत बसू नका. दुकानात उभे राहून दोन-तीन भाषा बोलणारी आपण सीमाभागातली माणसे. परक्या मुलखात आपली मुले मुकी का राहावीत?

आता आईवडील आणि आजीआजोबांसाठी. फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. "आज कुणाबरोबर जेवलास?" असे विचारा. दोन आठवडे "एकटाच" हेच उत्तर आले, झोप-भूक उडाली, मुलगा "कशातच अर्थ नाही" म्हणू लागला, तर त्याला आळशी ठरवू नका आणि सुट्टीची वाटही पाहू नका. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. "जगावेसे वाटत नाही" असे तो बोलला, तर तो दिवसही जाऊ देऊ नका. निघा, आणि तुम्ही पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ कुणीतरी थांबेल असे पाहा. होमिओपॅथीचा डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगतो, अशा वेळी आमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मोफत आहे. घरी जाण्याआधी हा क्रमांक लिहून घ्या.

पदवी चार-पाच वर्षांत हाती येते. त्या वर्षांत जोडलेली माणसे पुढची चाळीस वर्षे उपयोगी पडतात. त्यांच्यासाठी आठवड्यातले सात तास मुलांना मागा, आणि ते देताना त्यांना अपराधी वाटू देऊ नका.