दात राखण्याचीही तजवीज हवी
(नभोवाणीवरील भाषण)



हृदयविकार, मधुमेह, कर्करोग असे दुर्धर रोग घरोघरी ठाण मांडून बसलेले असताना एखाद्या वक्त्याने आपल्या वाट्याला आलेली दहा मिनिटे दातांच्या दुखण्यावर खर्ची घालावीत, हे तुमच्यापैकी अनेकांना विसंगत वाटेल. परंतु दाताचे दुखणे ज्याचे त्याने घरी सोसावे, नाहीतर पदरमोड करून निस्तरावे, ही जी समजूत जनतेत आणि सरकारी दफ्तरात सारखीच रुजून बसली आहे, तिच्यापायी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडाची चाळिशी-पन्नाशीतच बोळकी होताना मी पाहतो, आणि म्हणून आज दुसरा विषय मला सुचत नाही. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गरिबाचा दात काढून टाकण्याची सोय आपल्याकडे आहे. तो वेळीच भरून राखण्याची सोय त्याच्या वस्तीत नाही, आणि ती त्याच्या वस्तीतच असली पाहिजे.

मी राहतो त्या हैदराबादेतील चिक्कडपल्लीचेच पाहा. आर.टी.सी. क्रॉस रोड्सपासून नारायणगुड्यापर्यंत पायी निघालात तर खासगी दंतवैद्यांच्या पाट्या जागोजाग दिसतील. सिटी सेंट्रल लायब्ररीत स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करावयास गावोगावहून आलेली मुले ज्या गल्ल्यांतून खोल्या घेऊन राहतात, तेथेही एखादी तरी पाटी असतेच. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यास या देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले आणि 1948 साली दंतवैद्यांचा कायदा झाला, त्या काळी उणीव होती ती दंतवैद्यांची. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी हजारो मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. परंतु सरकारी जागा मोजक्या असल्यामुळे या पदवीधरांपैकी बहुतेकांना खासगी धंद्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि खासगी धंदा म्हटला की खुर्ची, यंत्रे, जागेचे भाडे या साऱ्याचा बोजा अखेर रोग्याच्याच खिशावर पडतो. तेव्हा उणीव आहे ती सरकारी खुर्चीची.

सरकारी दवाखाना मुळी नाहीच काय, असे कोणी विचारील. आहे, आणि त्याच्याविषयी मी आदरानेच बोलतो. अफझलगंजातील सरकारी दंत महाविद्यालय व रुग्णालय 1959 सालापासून या शहराची सेवा करीत आले आहे. चिक्कडपल्लीच्या मेट्रो स्थानकावरून तीन स्थानके गेले की महात्मा गांधी बस स्थानक लागते आणि तेथून अफझलगंज हाकेच्या अंतरावर आहे. तेथे नाममात्र खर्चात दात काढले जातात, भरले जातात, मुळांचे उपचारही होतात, आणि शिकाऊ मुलांच्या मागे उभे राहून अध्यापक प्रत्येक काम तपासतात. परंतु एका संस्थेने सबंध शहर आणि जिल्हे सांभाळायचे, वर देगलूर-बीदरकडून नातलगांच्या घरी मुक्काम करून इलाज घ्यायला येणारी माणसेही सामावून घ्यायची, म्हटल्यावर रांग लांबणारच. दोष त्या रांगेतल्या डॉक्टरांचा नाही. सगळी भिस्त एकाच ठिकाणावर टाकणाऱ्या आखणीचा आहे.

त्या आखणीचा परिणाम काय होतो, ते आमच्या भाजीबाजारात पाहावे. पहाटे माल उचलणारी, उन्हे चढेपर्यंत पाल्याच्या जुड्या बांधणारी एखादी बाई गालाशी पदर धरून बसलेली असते. दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा असतो, गाल टचटचीत सुजलेला असतो, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना तोंड एकाच बाजूने उघडत असते. 2023 च्या डिसेंबरापासून बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला आहे, म्हणजे तिला भाड्याची अडचण नाही. अडचण आहे ती दिवसाची. सकाळी जाऊन ओ.पी. चिठ्ठी काढायची, तपासणी व्हायची, क्ष-किरणाचे चित्र निघायचे, आणि मग तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या जातात: दाढ राखायची असेल तर मुळाचा उपचार, म्हणजे आत सडलेला मगज काढून मुळांच्या नळ्या साफ करण्यासाठी काही खेपा आणि त्यावर टोपी बसवण्याचा वेगळा खर्च, दाढ काढायची असेल तर एका दिवसात सुटका. ज्या दिवशी दुकान लावले नाही त्या दिवशी चूल पेटायची पंचाईत, अशा घरातली बाई यांपैकी कोणती वाट धरील हे सांगायला ज्योतिषी नको. ती दाढ काढून घेते. कागदावर नोंद होते की इलाज झाला. मी विचारतो, हा इलाज झाला काय? दाढ राखण्याचा उपचार तिला नाकारला कोणी नाही. तो तिच्या आवाक्याबाहेर ठेवला एवढेच, आणि आवाक्याबाहेरची सोय ही न केलेल्या सोयीसारखीच.

मराठवाड्यातून इकडे आलेल्या श्रोत्यांना आपापल्या गावची माळवदाची घरे आठवत असतील. मृगाच्या आधी घरधनी माळवदावर चढून उंदरांनी पाडलेली भोके बुजवीत असे आणि पांढऱ्या मातीचा थर देत असे. काम दोन-चार पाट्या मातीचे. ते चुकले तर पहिल्या झडीत एके जागी थेंब गळू लागतो आणि त्याखाली पातेले ठेवून माणसे निश्चिंत होतात; पुढल्या वर्षी आतले किलच कुजते; त्यापुढे ओल तुळईत शिरते; आणि एके रात्री सबंध खण खाली येतो. दाताचे अगदी असेच आहे. वरच्या कठीण कवचाला भोक पडते तेव्हा काहीच दुखत नाही, कारण त्या कवचात संवेदना नसते. ही पांढरी माती वाहून गेल्याची अवस्था. कीड आतल्या थराला पोचली की गार पाण्याने सणक येते, हा थेंब. ती मगजात शिरली की रात्रभर ठणका. ही ओल तुळईत गेली. आणि मुळाच्या टोकाशी पू साचून गाल सुजला की खण खाली आला म्हणून समजावे. पहिल्या अवस्थेत चिमूटभर सिमेंट आणि थोडका वेळ पुरतो. शेवटच्या अवस्थेत दात तर जातोच, शिवाय एक तुळई निघाल्यावर शेजारच्या तुळया कलाव्यात तसे आजूबाजूचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरचा दात आधार सुटून लांबतो, आणि चावण्याची सारी घडी विसकटते.

आता असे समजा की गावात सरकारने तजवीज केली आहे ती अशी की, कोसळायला आलेले माळवद उतरवून देणारा माणूस फुकट मिळेल; परंतु पाटीभर पांढरी माती टाकून देणारा हवा असेल तर दूरच्या ठिकाणी जाऊन रांग धरावी आणि काही खेपा घालाव्यात. अशाने गावातली घरे टिकतील काय? आणि पुढे दफ्तरातल्या नोंदी चाळून कोणी म्हणू लागला की, लोकांची मागणीच घरे उतरवण्याची आहे, तर ते खरे ठरेल काय? म्हणून मी म्हणतो की पाटीभर मातीची सोय घराशेजारी पाहिजे.

मोठ्या रोगांसाठी सरकारी खजिन्याने हात आखडता घेतला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2007 साली या प्रांतात आरोग्यश्री योजना सुरू झाली आणि 2023 च्या डिसेंबरात तिची मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत वाढली. 2018 साली देशभर आयुष्मान भारत आली. त्याच वर्षी हैदराबादेत बस्ती दवाखाने उघडू लागले, आणि रक्तदाब, साखर, ताप-खोकला यांचा इलाज गल्लीच्या तोंडाशी आला, ही उपकाराची गोष्ट आहे. परंतु त्या मोठ्या योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आखलेल्या असल्यामुळे किडलेली दाढ भरण्याची बाब त्यांच्या कक्षेत येत नाही, आणि बस्ती दवाखान्याच्या आखणीत दाताच्या खुर्चीला जागा नाही. म्हणजे लाखांचा उपचार आवाक्यात आला आणि पाटीभर माती बाहेरच राहिली.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडात 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दातांचे उपचार आणि कवळ्यादेखील मोफत होत्या, आणि वर्षानुवर्षे तोंड मिटून सोसलेल्या लोकांची त्यासाठी अशी झुंबड उडाली की खर्चाचे सारे अंदाज कोलमडले. 1951 साली कवळ्यांवर आणि चष्म्यांवर आकार बसवण्याचे ठरताच, ती सेवा ज्यांनी उभी केली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दंतोपचार हा सरकारी आरोग्यव्यवस्थेत सर्वांच्या शेवटी आत येतो आणि सर्वांच्या आधी बाहेर पडतो, असाच अनुभव आहे. आणि म्हणूनच त्याच्या बाजूने कोणीतरी सतत बोलत राहणे भाग असते.

खर्चाची सबब सांगितली जाईल, म्हणून तिचाही विचार करू. दातांचा इलाज म्हटला की विजेवर फिरणारे यंत्र आणि महागडी खुर्ची डोळ्यांपुढे येते. परंतु गेल्या शतकाच्या नवव्या दशकात टांझानियात एक पद्धत सिद्ध झाली, जिच्यात साध्या हत्यारांनी किडलेला मऊ भाग खरवडून काढतात आणि ती पोकळी दाताला चिकटून बसणाऱ्या ग्लास आयोनोमर सिमेंटने भरतात. यासाठी वीज लागत नाही, बहुधा भूल द्यावी लागत नाही, रोग्याला बाकावर निजवूनही काम होते. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने हे सिमेंट, कीड थोपवणारे चांदी-फ्लोराइडचे द्रावण आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घातली. म्हणजे पाटीभर माती कोणती, ती कशी टाकावी, हे सारे ठरलेले आहे. एक दंतवैद्य आठवड्यातून ठरलेल्या वारी ठरलेल्या बस्ती दवाखान्यात बसवावा, हत्यारांची पेटी आणि सिमेंट त्याच्या हवाली करावे, आणि गंभीर रोगी तेवढे अफझलगंजास पाठवावेत. तेथील रांगही आपोआप उतरेल.

आणि वेदनेकडे खजिन्याने लक्ष देणे ही या शहराला नवी गोष्ट नाही. 1888 आणि 1889 साली डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मच्या परिणामांचा शोध घेणारे आयोग याच हैदराबादेत बसले, त्यांचा खर्च निजाम सरकारने सोसला, आणि त्यांच्या निष्कर्षांची चर्चा विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकांत झाली. शस्त्राखालच्या माणसाला वेदना होऊ नये म्हणून ज्या शहराने एवढा खटाटोप केला, त्या शहराने भाजीबाजारातल्या बाईची दाढ वाऱ्यावर सोडणे बरे नव्हे.

आता दोन शब्द तुम्हालाही, आणि ते थोडे रागाचे आहेत. साखरेसाठी तुम्ही डॉक्टरकडे जाता, गुडघ्यासाठी जाता, आणि दाढेसाठी मात्र लवंग शोधता. मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांच्या रोगाने साखर आवरेनाशी होते, हे तुम्हाला सांगूनही तुम्ही हिरडीतून येणारे रक्त चूळ भरून विसरून जाता. आमच्या आयाबहिणी अजून मशेरी लावतात आणि त्याला दात घासणे म्हणतात. ती तंबाखू आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाची पेरणी आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची कर्करोगासाठी तपासणी व्हावी असे राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे. मग त्यासाठी तोंड उघडलेच आहे तर त्याच वेळी दातही पाहून त्याची नोंद करायला काय हरकत आहे? याविषयी मला आणखी बोलायचे होते. तसेच नलगोंड्याकडील पाण्यातल्या अतिरिक्त फ्लोराइडने तेथल्या मुलांच्या दातांची जी दुर्दशा केली, तिच्याविषयीही. त्या पाण्यातून फ्लोराइड काढण्याची रीत आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने बसवली, आणि तिचा धडा असा की सोय गावातल्या गावात, घरच्या बादलीपर्यंत पोचली तरच... पण घड्याळाचा काटा मला इशारा करीत आहे, तेव्हा ते राहू द्यावे लागेल.

जाता जाता एवढेच करा. घरातल्या लहान मुलाचे तोंड आज दिव्याखाली उघडून पाहा, आणि दाढेवर काळा ठिपका दिसला तर दुखेपर्यंत थांबू नका. आणि आपल्या वस्तीच्या नगरसेवकाकडे व आमदाराकडे एक अर्ज द्या, दहा शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी, की आमच्या बस्ती दवाखान्यात आठवड्यातून एक वार दंतवैद्य बसवावा. अर्जात एवढे स्पष्ट लिहा की आम्हाला दात काढणारा नको आहे, तो अफझलगंजास आहेच. आम्हाला दात भरून राखणारा हवा आहे, आणि तो इथे, आमच्या वस्तीत हवा आहे.