टिकाऊ कापडाची पारख

दिवाळीपूर्वीं घराची आवराआवर निघाली कीं कपाटांतलीं गाठोडीं बाहेर येतात आणि बोहारणीची आठवण होते. शहरांतल्या उंच इमारतींत तिची हांक आतां क्वचितच ऐकूं येते. पण जेथें ती अजून येते तेथें तिचें काम पाहण्यासारखें असतें. ती कपडा घेते, झटकून उलगडते, उजेडासमोर धरते. मग बसण्याच्या जागीं, कोंपरापाशीं आणि काखेपाशीं दोन्ही अंगठ्यांनीं कापड हलकेंच ताणून पाहते. रंग, नक्षी, दुकानाचें नांव यांकडे तिचें फारसें लक्ष नसतें. त्या कपड्यांत अजून किती आयुष्य शिल्लक आहे एवढेंच तिला जाणून घ्यावयाचें असतें. कारण पातेल्याचा किंवा परातीचा सौदा तेवढ्यावरच ठरावयाचा असतो. घरची मंडळी मात्र तोच कपडा विकत घेतांना रंग, नक्षी आणि नांव एवढेंच पाहून आलेलीं असतात. कपडा घरांत येतांना त्याची जी परीक्षा व्हावयाची, ती तो घराबाहेर पडतांना होते, ही आजच्या कापडखरेदींतली मुख्य चूक होय.

पूर्वींसारखें कापड आतां मिळत नाहीं, हें वाक्य प्रत्येक पिढीनें उच्चारलेलें आहे. आजीचें एक लुगडें आधीं सणावारीं नेसलें गेलें, मग रोजच्या वापरांत आलें, मग त्याचीं बाळाचीं दुपटीं झालीं आणि शेवटीं गोधडींत त्याचा थर बसला. तिचें दुसरें लुगडें ट्रंकेंत अजूनहि धड आहे, असा दाखला घरोघर देण्यांत येतो. तथापि ह्या साक्षींत थोडी फसगत आहे. ट्रंकेंत जें टिकलें तेवढेंच आज दिसतें. त्याच सालीं विकत घेतलेलें आणि सहा महिन्यांत विरलेलें कापड पायपुसण्याच्या वाटेनें केव्हांच नाहींसें झालें. म्हणून नुसत्या तक्रारीपेक्षां कारण शोधणें अधिक उपयोगाचें. मागचा इतिहास चाळला तर एक गोष्ट ठळकपणें दिसते. कापूस महागला कीं कापडाची किंमत वाढते. आणि जेवढी वाढ गिऱ्हाईक सोसणार नाहीं, तेवढी कापडांतूनच काढून घेतली जाते.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें आणि लॅंकेशायरच्या गिरण्यांना तेथून होणारा कापसाचा पुरवठा तुटला. मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. परंतु त्या गिरण्यांतून हिंदुस्थानांत येणाऱ्या कापडाची कथा निराळी होती. विणतांना उभा धागा तुटूं नये म्हणून त्याला पिठाची खळ देतात, हा जुनाच रिवाज. कापूस महागल्यावर ह्या खळींत चिनी मातीचें प्रमाण वाढत गेलें. थानाचें वजन भरलें, कापड हाताला जाड लागूं लागलें, आणि धुण्याबरोबर तें वजन पाण्यांत गेलें. भरपूर खळीच्या थानांना दमट हवा लागली कीं त्यांवर बुरशीचे डाग पडत, आणि त्याविषयींच्या तक्रारी युद्ध संपल्यावरहि चालूं राहिल्या.

दुसरा प्रसंग दुसऱ्या महायुद्धांतला. लष्कराची मागणी वाढली, परदेशचें कापड येईनासें झालें आणि भाव कडाडले. १९४३ सालीं सरकारनें कापड आणि सूत यांवर नियंत्रण घातलें. कापडावर किमतीचा शिक्का मारणें गिरण्यांना भाग पडलें. वस्त्र आयुक्तांचें मुंबईंतलें कार्यालय त्याच सालचें. १९४८ च्या जानेवारींत हें नियंत्रण उठलें तेव्हां भाव इतके उसळले कीं त्याच वर्षीं तें पुन्हां लागू करावें लागलें. शिक्क्यानें किंमत कळे. कापड किती दिवस टिकेल हें मात्र शिक्का सांगत नसे. इंग्लंडांत १९४१ सालीं जी योजना निघाली, तींत किमतीबरोबर कापडाचा दर्जाहि नेमून दिलेला होता आणि अशा कपड्यांवर एक ठराविक खूण असे. ती योजना १९५२ सालापर्यंत चालली. टंचाईंतसुद्धां टिकाऊपणा मागतां येतो, मात्र तो नांव घेऊन मागावा लागतो, हा त्यांतला धडा.

आजची तऱ्हा फारशी वेगळी नाहीं. चिनी मातीची जागा दुसऱ्या युक्त्यांनीं घेतली आहे इतकेंच. २०२२ सालीं कापसाचा भाव ३५६ किलोंच्या खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला. अशा वेळीं तयार सदऱ्याच्या चिठ्ठीवरची किंमत थोडी वाढते आणि उरलेली भरपाई गुपचूप होते. वीण विरळ होते, सुतांत स्वस्त धाग्याची भेसळ वाढते, शिलाईच्या आंतलें कापड कमी होतें, आणि हाताला मऊ लागावें म्हणून वर असा लेप चढतो जो चार धुण्यांत निघून जातो. ह्यावर गिऱ्हाइकाच्या हातीं उपाय एकच, तो म्हणजे बोहारणीची नजर दुकानांत घेऊन जाणें. ती नजर तंतू, सूत, वीण आणि शिलाई या चार ठिकाणीं लावावी लागते.

प्रथम तंतू. कापसाचा तंतू जितका लांब, तितकें सूत मजबूत आणि गुळगुळीत निघतें. तंतू आंखूड असले तर त्यांचीं टोकें सुताबाहेर येतात आणि घासून घासून त्यांच्या गोळ्या होतात. साधारण ३२ मिलिमीटरांच्या पुढचा कापूस अति लांब धाग्याचा समजतात. १९७४ सालीं पुढें आलेला सुविन हा त्यांतलाच भारतीय वाण होय. कृत्रिम धागा तेवढा वाईट, हा समज मात्र खरा नव्हे. पॉलिएस्टरचा शोध १९४१ सालीं इंग्लंडांत लागला. पुढें टेरिकॉटच्या रूपानें तो मराठी घरांत आला तेव्हां विजार फाटतां फाटेना म्हणून माणसें कंटाळलीं. दोष आहे तो आंखूड कापूस झांकण्यासाठीं केलेल्या मिश्रणांत. त्यांतले कापसाचे तंतू तुटून वर येतात आणि बळकट पॉलिएस्टर त्यांना सोडीत नाहीं. म्हणून गोळ्या गळूनहि पडत नाहींत. कापडांत काय आहे याचा संशय आला तर आंतल्या कडेचा एक धागा घरीं चिमट्यांत धरून ताटलीवर जाळून पाहावा. धागा कापडाचा असावा, शिवणीच्या दोऱ्याचा नव्हे. कापूस जळक्या कागदासारखा वास देऊन त्याची मऊ राख होते. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो.

मग सूत आणि वीण. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडांत ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तो आंकडा. म्हणून नंबर मोठा तितकें सूत बारीक. आणि बारीक म्हणजे टिकाऊ असें मुळींच नाहीं. रोजच्या वापराला मध्यम नंबराचें, चांगला पीळ दिलेलें सूत अधिक चालतें. दोन पदर एकत्र पिळलेलें सूत त्याहूनहि अधिक. चादरींवर जे धाग्यांचे मोठमोठे आंकडे छापलेले असतात, ते पुष्कळदां एकेका धाग्याचे पदर वेगवेगळे मोजून फुगविलेले असतात. विणीची परीक्षा सोपी आहे. कापड उजेडासमोर धरावें. उजेड सर्वत्र सारखा आला तर वीण सारखी आहे, ठिकठिकाणीं झिरपला तर नाहीं. मग कापडाचा कोपरा दोन बोटांत जोरानें चोळावा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग एकदम लुळा पडला, तर जाडी खळीची आहे असें समजावें. कापड आडवें ताणून सोडावें. तें जागेवर परत आलें पाहिजे. ओला पांढरा हातरुमाल आंतल्या बाजूनें घासला कीं रंगाचा कच्चेपणाहि लगेच उघडा पडतो.

सगळ्यांत बोलकी असते ती शिलाई, आणि ती पाहण्यासाठीं कपडा उलटा करावा लागतो. शिलाईच्या आंत राखलेल्या जादा कापडाला शिंप्यांच्या भाषेंत माया म्हणतात, आणि हा शब्द अगदीं योग्य आहे. माया राखलेला कपडा अंग भरलें तर उसवून सैल करतां येतो, मुलाची उंची वाढली तर खालीं सोडतां येतो. माया नसलेला कपडा जोर पडतांच शिवणींतून सुटतो आणि मग तो पुन्हां शिवायला जागाच उरत नाहीं. साध्या सुती सदऱ्याला इंचास दहाबारा टांके तरी असावे. खिशाचीं टोकें, काखा आणि विजारीची बैठक यांना दुहेरी शिवण हवी. काजाचे टांके दाट असावे. बटण दोन बोटांत धरून हलवून पाहावें. तें आतांच डुलत असेल तर महिन्याभरांत तें खात्रीनें हरवेल. बाजूची शिवण सरळ खालीं न येतां पुढें वळत असेल तर तो कपडा धुतल्यावर आणखी पिळवटेल. पट्ट्यांचें किंवा चौकड्यांचें कापड असेल तर शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या रेघा जुळतात का तें पाहावें. ज्या कारागिरानें तेवढी काळजी घेतली, त्यानें आंतलीहि घेतली असण्याचा संभव अधिक.

शिक्के आणि चिठ्ठ्या वाचाव्या, पण त्या काय सांगतात एवढेंच त्यांच्याकडून घ्यावें. ग्राहकसंरक्षणाच्या १९८८ सालच्या नियमांप्रमाणें कापडावर उत्पादकाचें नांव आणि धाग्यांचें प्रमाण दिलेलें असावें लागतें. तें नसेल तर विचारण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे. २००४ सालीं सुरू झालेली सिल्क मार्क ही खूण रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देते. २००६ सालची हातमागाची खूण कापड हातमागावर विणल्याचें सांगते. दोन्ही खुणा मोलाच्या आहेत. परंतु कापड किती वर्षें जाईल हें त्यांपैकीं एकहि सांगत नाहीं. भारी किंमत तर तेंहि सांगत नाहीं, कारण तिच्यांत जाहिरातीचा आणि दुकानाच्या झगमगाटाचा वाटा असतो.

किंमत मोजावी ती कपड्याची नव्हे, वापराची. समजा, सहाशें रुपयांचा सदरा तीस धुणीं टिकला, तर दर धुण्यामागें तो वीस रुपयांस पडला. दीड हजारांचा सदरा दीडशें धुणीं टिकला, तर दहा रुपयांस. हा हिशेब कोणासहि पटतो. अडचण वेगळीच आहे. जूनमध्यें दोन मुलांचे गणवेश, छत्र्या आणि वह्यापुस्तकें एकदमच घ्यावीं लागतात, तेव्हां ज्याच्या गांठीं दीड हजार नसतात त्याला सहाशेंचाच सदरा घ्यावा लागतो, आणि वर्षाअखेर त्याचाच खर्च अधिक होतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. पण ज्याचें अंथरूण आंखूड त्यालाच तें वारंवार विकत घ्यावें लागतें, हा कापडाच्या घसरत्या दर्जांतला खरा अन्याय आहे. अशा घरानें तीनाच्या जागीं दोनच पण चांगले कपडे घ्यावे. दिवाळीसाठीं जशी भिशी लावतात तशी कापडासाठीं लावावी. आणि शक्य तेथें थानांतलें कापड पारखून घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून माया ठेवून शिवून घ्यावें. गणवेशाचें कापड शाळेनेंच ठरविलें असेल तर पालकांनीं मिळून शाळेकडे चांगल्या कापडाची मागणी करावी. एकट्याच्या तक्रारीपेक्षां चाळीस पालकांच्या शब्दाला वजन असतें.

चांगलें कापड घरीं आलें तरी त्याला जपावें लागतें. कडक पाणी, जादा साबण आणि तीव्र ऊन यांनीं जितकें कापड मरतें तितकें अंगावर मरत नाहीं. रंगीत कपडे उलटे करून सावलींत वाळवावे; ताणणारा धागा असलेल्या कपड्यांना फार उष्णता आणि ब्लीच लावूं नये. उसवलेला टांका त्याच आठवड्यांत घालावा. रफू करणें, कॉलर उलटवून लावणें, घासलेल्या कोंपराला आंतून अस्तर देणें हीं कामें एके काळीं घरोघर येत असत. त्यांत गरिबीची लाज नव्हती. हातांतली कला होती.

ही कला आणि ही पारख मागें पडली तर तोटा केवळ गिऱ्हाइकाचा नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे बंद झाले. चांगलें कापड विणणारे हात मात्र अजून आहेत, मायेनें शिवणारे शिंपीहि आहेत. गिऱ्हाइकाला चांगल्या-वाईटांतला फरकच कळेनासा झाला, तर चांगलें काम करणाऱ्याला त्याची वेगळी किंमत मागतां येत नाहीं. मग तोहि हळूहळू माया कमी करूं लागतो. कापडाचा दर्जा कारखान्यांत ठरतो तितकाच तो दुकानाच्या फळीपुढें उभ्या राहिलेल्या माणसाच्या बोटांत ठरतो. म्हणून पुढच्या खरेदीच्या वेळीं कपडा आरशासमोर धरण्याआधीं उजेडासमोर धरावा, उलटा करावा, अंगठ्यांनीं ताणून पाहावा. बोहारीण शेवटीं जें पाहते, तें घरांतल्या माणसानें आधींच पाहिलें, तर तिच्या परातीचा सौदा पुष्कळ वर्षें पुढें ढकलतां येईल.